कालबाह्य, पण निरुपयोगी नव्हे

शासकीय कार्यालयातील एखादी वस्तू निकालात काढायची असेल तर तिची वाट ठरलेली असते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, तिची नोंद शोधायची, समिती नेमायची, समितीने वस्तू पाहून शेरा मारायचा, मग निर्लेखनाचा आदेश आणि अखेरीस लिलाव. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ याच विषयाचा आहे. वस्तू निकालात काढण्याची तीन कारणे त्यात येतात: ती गरजेपेक्षा अधिक असणे, कालबाह्य असणे किंवा निरुपयोगी झालेली असणे. अशा कित्येक फायलींवर मी सह्या केल्या असतील. परंतु ‘कालबाह्य’ आणि ‘निरुपयोगी’ हे दोन शब्द नियमात वेगळे का ठेवले आहेत, याचा विचार कधी केला नव्हता. २०२५ च्या हिवाळ्यात लखनौ येथे एका जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याच्या निमित्ताने तो करावा लागला.

लॅपटॉप माझा नव्हे. आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका शिपायाच्या मुलीचा. ही मुलगी २०१२ मध्ये बारावी उत्तीर्ण झाली आणि पुढच्या वर्षी तिला राज्य सरकारकडून तो मोफत मिळाला. आज ती शहराच्या पूर्वेकडील एका वस्तीत छोटेसे दुकान चालवते. परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिधापत्रिकेतील दुरुस्त्या अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामे ती महाजालावरून करून देते. घरातील मिळकतीचा मोठा भाग त्या एका यंत्रावर अवलंबून. तिने माझ्यापुढे तक्रार मांडली ती अगदी मोजक्या शब्दांत: “अंकल, मशीन तो ठीक है, बस साइटें नहीं खुलतीं.”

मला या वाक्यात एक प्रशासकीय प्रश्न दिसला. यंत्र ठीक आहे, तरीही ते चालत नाही. मग ते कालबाह्य झाले असे ठरवले कोणी? हा प्रश्न नवा नाही. आपल्या देशापुढे तो पूर्वीही एकदा, फार मोठ्या प्रमाणावर, उभा राहिला होता.

१९७८ चा प्रसंग

१९६० च्या दशकात भारतात जे मोजके संगणक आले त्यांत आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांचा, विशेषतः १४०१ या प्रतिमानाचा, भरणा होता. रेल्वे, संरक्षण आस्थापना, मोठे कारखाने ही यंत्रे बहुधा भाड्याने घेत. पाश्चात्त्य देशांत जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून आपल्याकडे भाड्याने दिली जातात, ही टीका तेव्हाही होत होती आणि संसदेच्या लोकलेखा समितीनेही शासनाच्या संगणकीकरणाच्या संदर्भात या विषयाची चिकित्सा केली होती. पुढे १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, ज्याला आपण ‘फेरा’ म्हणून ओळखतो, तो आला. परदेशी कंपन्यांनी आपला भाग सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा असा त्याचा रोख होता. आयबीएमला ते मान्य झाले नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने भारतातील कारभार आवरला. त्याच सुमारास, म्हणजे १९७७ मध्ये, कोका-कोलाही गेली. शीतपेयाला पर्याय मिळतो; परंतु वेतनपत्रके आणि रेल्वेचे हिशेब ज्या यंत्रांवर चालतात त्यांचा निर्माताच निघून गेला तर काय करायचे?

इथे तत्कालीन प्रशासनाची दूरदृष्टी कामी आली. सरकारने १९७५ च्या डिसेंबरातच कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन नावाची कंपनी स्थापन केली होती. नावच पाहा, ‘संगणक देखभाल महामंडळ’. संगणक बनवणारी नव्हे, विकणारी नव्हे, तर चालते ठेवणारी. आयबीएम गेल्यावर देशभर विखुरलेल्या तिच्या शेकडो ग्राहकांकडील यंत्रांची देखभाल या संस्थेने आपल्या अंगावर घेतली. निर्मात्याचा आधार सुटलेली यंत्रे पुढे काही वर्षे काम करत राहिली. हीच संस्था १९८४ मध्ये सीएमसी लिमिटेड झाली, रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणात तिने मोठा वाटा उचलला, २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. फेराचे धोरण योग्य होते की अयोग्य, यावर अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही तावातावाने वाद घालत असू. तो वाद इथे नको. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की, निर्मात्याने हात काढून घेतला म्हणून यंत्र निरुपयोगी होत नाही, त्याला आधार देणारी दुसरी व्यवस्था उभारता येते, आणि ती उभारणे हे शासनाचे काम आहे, असे तेव्हा मानले गेले.

२०१३ चे वाटप

आता लखनौकडे येऊ. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याचे आश्वासन दिले होते. सत्ता आल्यावर मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी ११ मार्च २०१३ रोजी येथील कॉल्विन तालुकेदार्स कॉलेजच्या प्रांगणात योजनेचा आरंभ केला. निविदा एचपी कंपनीला मिळाली होती. प्रत्येक यंत्राची किंमत १९,०५८ रुपये आणि संख्या सुमारे १५ लाख. गुणाकार केला तर रक्कम २,८५० कोटींच्या वर जाते. लॅपटॉप सुरू करताच पडद्यावर मुख्यमंत्री आणि मुलायमसिंह यादव यांची छायाचित्रे दिसत आणि वर्तमानपत्रांतून त्या छायाचित्रांचीच चर्चा अधिक झाली. ती काढता येतील का, काढल्यास यंत्र बिघडेल का, यावर रकानेच्या रकाने भरले.

वास्तविक विचारायला हवा होता तो प्रश्न निराळा होता. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ही यंत्रे चालणार, तिचा आधार किती काळ राहणार? शिपायाच्या मुलीच्या यंत्रात विंडोज ७ होती. ही प्रणाली २००९ च्या ऑक्टोबरात बाजारात आली होती आणि तिची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबेल ही तारीख वाटपाच्या वेळीच जाहीर होती. म्हणजे २०१३ मध्ये हाती पडलेल्या यंत्राला जेमतेम सात वर्षांचा आधार मिळणार, हे त्याच दिवशी गणित करून सांगता आले असते.

त्यानंतर काय घडले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये यंत्र बंद पडले नाही. ते पूर्वीसारखेच चालत राहिले. फक्त नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती येईनाशी झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत गूगलने क्रोम या न्याहाळकाची नवी आवृत्ती विंडोज ७ साठी देणे थांबवले. न्याहाळक जुना झाला की संकेतस्थळे एकेक करून त्याला ओळख देईनाशी होतात. कारण संकेतस्थळांची सुरक्षेची भाषा पुढे सरकत असते आणि जुना न्याहाळक ती बोलू शकत नाही. मुलीच्या ‘साइटें नहीं खुलतीं’ या तक्रारीचे मूळ इथे आहे. विंडोज १० या पुढच्या प्रणालीचा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांनी मुदतवाढीची नोंदणी केली अशा घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती, किमान ४ जीबी स्मृती आणि इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ ची. साहजिकच २०१३ चे कोणतेही यंत्र त्या यादीत बसत नाही.

बँकांसाठी एक न्याय

शासनव्यवस्थेला या धोक्याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला तरी बँकांची पुष्कळ एटीएम यंत्रे तिच्यावरच चालू होती. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. दुरुस्ती न झालेल्या विंडोज संगणकांत तो शिरत असे. आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. प्रसंग इतका गंभीर होता की, आधार संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने खास दुरुस्ती काढली. पुढे २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून आधार संपलेल्या प्रणालीवरील एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्यास बँकांना फर्मावले आणि अखेरची मुदत जून २०१९ ठेवली.

प्रशासनाने काय करावे याचा हा उत्तम नमुना आहे. धोका ओळखला, जबाबदार कोण ते ठरवले, वेळापत्रक दिले. मात्र हे झाले नियंत्रकाच्या हाताखालील संस्थांसाठी. त्याच सरकारी पैशातून वाटलेल्या लाखो लॅपटॉपना ना नियंत्रक होता ना वेळापत्रक. वस्तू लाभार्थ्याच्या हाती पडली की योजना संपली, अशी आपली हिशेबाची रीत आहे. वापर प्रमाणपत्र गेले की फाईल बंद. १९७८ मध्ये निर्माता गेला तेव्हा मागे एक महामंडळ उभे होते. २०२० मध्ये निर्मात्याचा आधार गेला तेव्हा त्या मुलीमागे कोणी नव्हते.

नाझा मार्केटमधील सल्ला

लखनौकरांचा संगणक बिघडला की ते हजरतगंजजवळच्या नाझा मार्केटकडे वळतात. तिथल्या अरुंद दुकानांत बसलेली मुले ज्या सफाईने यंत्र उघडतात ती पाहण्यासारखी असते. एकाने लॅपटॉप उलटापालटा करून निदान केले: “विंडोज इलेवन डाल देंगे साहब, चल जाएगा। कंपनी मना करती है, मशीन मना नहीं करती।”

तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे खरे होते. विंडोज ११ बसवताना होणारी यंत्राची पात्रता-परीक्षा टाळता येते. २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच अशा एका मार्गाची नोंद आपल्या संकेतस्थळावर केली होती. आणि रूफस नावाच्या छोट्या आज्ञावलीने पेनड्राइव्ह तयार करतानाच ही तपासणी वगळण्याची सोय करता येते. परंतु अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी नाही, हेही कंपनीने स्पष्ट केलेले आहे. आज चालेल, उद्याचे कोणी सांगावे?

इथे ‘आधार नसलेली प्रणाली’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. एक म्हणजे जिला स्वतःच्या निर्मात्यानेच सोडून दिले आहे अशी प्रणाली. विंडोज ७ ही तशी. दुसरा अर्थ, जी प्रणाली जिवंत आहे, दुरुस्त होते आहे, पण या विशिष्ट यंत्रासाठी कोणी मान्य केलेली नाही. पहिलीत धोका सतत वाढत जातो. दुसरीत तो किती हे प्रत्येक वेळी तपासून ठरवावे लागते. त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये तिच्या एकटीची छायाचित्रे असती तर मी दुकानदाराचा सल्ला कदाचित मानला असता. पण तिच्याकडे शेजारच्या दोन-तीनशे कुटुंबांच्या आधार पत्रांच्या, बँक पासबुकांच्या, गुणपत्रिकांच्या प्रती साठलेल्या होत्या. त्या कुटुंबांना विंडोज म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. असुरक्षित यंत्राची जोखीम एका घराची राहत नाही, ती अशी वस्तीभर पसरते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. प्रथम सर्व कागदपत्रांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली. २ जीबी स्मृती होती ती ४ जीबी केली. फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवली. जुन्या लॅपटॉपचा वेग वाढवण्याचा याहून परिणामकारक उपाय नाही. मग लिनक्स मिंट ही प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, काही न पुसता, नुसती चालवून पाहिली. लिनक्समध्ये ही मोठी सोय आहे. वायफाय चालतो का, छपाई होते का, देवनागरी टंकलेखन होते का, हे सारे बसवण्यापूर्वीच कळते. सर्व जमते आहे असे दिसल्यावरच ती कायमची बसवली. लॅपटॉपच्या निर्मात्याने ही प्रणाली त्या यंत्रासाठी दिलेली नव्हती. पण तिच्या कर्त्यांनी २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे जाहीर केलेले आहे.

सगळेच सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. एका कार्यालयाची अर्जप्रणाली केवळ विंडोजवरच चालते. ती कामे मुलगी आता शेजारच्या दुकानातून करून आणते आणि त्यातील थोडी मिळकत त्याला देते. जुन्या अर्जांचे नमुने कृतिदेव या टंकात होते. उत्तर प्रदेशात त्या टंकाचे राज्य अजून संपलेले नाही. टंक नव्या प्रणालीवरही दिसतो, पण त्यातील अक्षरे संगणकाच्या लेखी रोमन चिन्हेच असतात. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र पहिल्या क्षणापासून जसाच्या तसा चालला. देवनागरी संगणनाचे जे काम इथून जवळच कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ म्हणून वाढले, त्या काळात ठरलेले हे प्रमाण. एक्सपी गेली, सात गेली, दहा गेली. सार्वजनिक प्रमाण म्हणून ठरलेला कळफलक टिकला. मालकीच्या टंकात लिहिलेला मजकूर मागे अडकून पडला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपापल्या जुन्या फायली एकदा उघडून पाहाव्यात, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

हिशेबाची दुसरी रीत

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपसारख्या यंत्रांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. या हिशेबाने १९,०५८ रुपयांचे यंत्र वर्षाला सुमारे ६,३५० रुपयांना पडले. तेच यंत्र १२ वर्षे चालले तर वर्षाचा खर्च सुमारे १,५९० रुपयांवर येतो. त्यात स्मृतीचा व एसएसडीचा खर्च धरला तरी फारसा फरक पडत नाही. सार्वजनिक खर्चाची फलनिष्पत्ती वाढवण्याचा इतका स्वस्त मार्ग क्वचितच सापडेल.

आपल्याच देशात याची उदाहरणे आहेत. केरळने २००१ मध्ये ‘आयटी @ स्कूल’ प्रकल्प सुरू केला, तो पुढे २०१७ मध्ये ‘काइट’ ही शासकीय कंपनी झाला. तेथील शाळांत लिनक्सवर आधारलेली, राज्याने स्वतः जुळवलेली प्रणाली चालते आणि तिच्या नव्या आवृत्त्या राज्यच काढते. सी-डॅकनेही ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली फार पूर्वीच तयार केली आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. साधने आहेत. ती खरेदीच्या फायलीपर्यंत पोहोचलेली नाहीत.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, निविदेत हमीच्या कालावधीबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराची अखेरची तारीख मागावी आणि देकारांची तुलना नुसत्या किमतीवर न करता आधाराच्या दरवर्षी पडणाऱ्या किमतीवर करावी. दुसरी, नागरिकांसाठी असलेली कोणतीही शासकीय सेवा एकाच कंपनीच्या प्रणालीवर अडून राहू नये. तिसरी, प्रत्येक जिल्ह्यातील तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली बसवून देण्याची शिबिरे भरवावीत. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि लाभार्थ्यांची यंत्रे चालू राहतील. १९७५ च्या त्या महामंडळाची ही छोटी, जिल्हास्तरीय आवृत्ती होईल.

हा प्रश्न एका पक्षाच्या एका योजनेचा नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी याच लखनौमधील एकाना क्रीडासंकुलात नंतरच्या सरकारने टॅब्लेट आणि स्मार्टफोन वाटण्यास आरंभ केला. त्या उपकरणांचा आधारही कधीतरी संपणार आहे. तेव्हा हीच तक्रार पुन्हा ऐकू येईल.

असो. काम पूर्ण झाले त्या संध्याकाळी मुलीने विचारले, “अंकल, अब यह कब तक चलेगा?” मी सांगितले की प्रणालीचे उत्तर २०२९, यंत्राचे उत्तर मात्र तू ते किती जपतेस त्यावर. तिने दुकानातील दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ‘२०२९’ असे लिहून ठेवले. २०१३ मध्ये ही तारीख सरकारी कागदावर असायला हवी होती.